चौदाशे खडे

मुलांनो, आधी एक खोली डोळ्यांसमोर आणा. विट्याच्या बाजारपेठेतला एक जुना गाळा, खाली बियाणांचं दुकान, आणि लाकडी जिना चढून वर आलं की माझी टायपिंगची संस्था. भिंतीला लागून बारा टाइपरायटर, प्रत्येकावर खाकी कव्हर. रविवार, म्हणून सगळे गप्प. कोपऱ्यात तीन जुने कॉम्प्युटर, त्यातला आज एकच सुरू केलेला. त्याच्यासमोरच्या उंच स्टुलावर बारा वर्षांची केतकी बसलेली, पाय अधांतरी.

आता तिच्या जागी तुम्ही बसा. उजवा हात माउसवर. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांची एक खाण आहे आणि त्या खाणीत बोटाच्या पेराएवढं एक चौकोनी माणूस कुदळ घेऊन उभं आहे. दगडावर क्लिक करा. टक, टक, टक. एक खडा मिळाला. पुढच्या दगडावर क्लिक करा. टक, टक, टक. अजून एक मिळाला. पोतं भरलं की वाकडीतिकडी वाट चालत भट्टीपाशी जायचं, खडे ओतायचे, परत यायचं आणि पुन्हा पहिल्या दगडावर क्लिक करायचं.

बसलात? मान दुखायला लागली? केतकी सात महिने बसत होती.

"किती राहिले गं?" मी विचारलं. मी टेबलावर परीक्षेचे पेपर तपासत होते.

"साडेचौदाशे, मॅडम." तिनं मान वळवली नाही. "बोलू नका ना. चुकतं."

घड्याळात तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. संध्याकाळी बरोबर सहा वाजता त्या खेळाचा मोसम संपणार होता. ग्रेहॉलो असं त्या खेळाचं नाव. जगभरातले लोक एकाच वेळी त्यात फिरत, पण दिसायला तो अगदी जुन्यापुराण्या व्हिडिओ गेमसारखा, त्यामुळे माझ्या रडतखडत चालणाऱ्या मशीनवरही चाले. सहा वाजता सगळ्यांच्या लेव्हल पुसून पुन्हा एकवर येणार होत्या. फक्त ज्या जोडीदारांनी दोघांनी मिळून ऐंशीवी लेव्हल गाठली असेल, त्यांना त्या जगात स्वतःची भट्टी मिळणार होती, दारावर दोघांची नावं कोरलेली आणि कधीच न पुसली जाणारी. केतकीच्या जोडीदारानं ऐंशीवी लेव्हल आठवड्यापूर्वीच गाठली होती. अडलं होतं केतकीचं; तिला ऐंशीवर पोचायला हे खडे कमी होते. मिनिटाला दहा खडे तिला जमत. म्हणजे सहाच्या आत ती पोचणार होती, पण जेमतेम.

जोडीदार तिच्या शेजारच्या दगडापाशी उभा असे. त्याच्या डोक्यावर 'भट्टी७' असं नाव. मी कधी विचारलं की केतकी म्हणे, "आहे एक." तो फारसं बोलत नसे. कधी 'हं', कधी 'ओके'. दुपारी साडेतीनच्या आसपास यायचा, साडेचारला जायचा. हे मला बरं वाटत नव्हतं, खरं सांगते. पण रविवारी संस्थेत येऊन ही पोर बाराही टाइपरायटरची अक्षरं ब्रशनं घासूनपुसून लख्ख करायची, आणि त्या बदल्यात मशीनवर बसायची. माझ्या डोळ्यांसमोर बसते आहे, तेवढं पुरे, असं मी स्वतःला समजावलं होतं.

"तुला कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं होतं.

"येतो की. गेल्या रविवारीच इतका आला, की रडू आलं. दोनशे काढले आणि नेट गेलं. ते दोनशे गेलेच."

"मग सोडून द्यावं."

"तुम्ही नाही का आम्हाला पंधरा दिवस नुसतं ए एस डी एफ लिहायला लावत?"

"त्यानं बोटं तयार होतात."

"यानं पण होतं काहीतरी," ती म्हणाली होती. काय होतं, ते तिनं सांगितलं नाही.

तर त्या रविवारी साडेतीनला जिन्यावर चपला वाजल्या आणि केतकीची आई, शैलाताई, वर आल्या. अंगावर काठपदर, केसांत गजरा, कपाळावर घाम.

"केतके! हितंच हाईस व्हय! सगळी खोळंबल्यात तिकडं!"

केतकीच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता त्या दिवशी, दोन गल्ल्या सोडून. पोर सकाळपासून तिथंच होती, जेवणं झाल्यावर हळूच सटकली होती.

"आई, सहा वाजता येते."

"सहा वाजता काय भांडी घासायला येतीस? आत्ता ओटी भरायचीय. ताट धरायला कुवार पोरगी लागती, आणि घरात तू एकटीच हाईस. ऊठ!"

"आई, आजच्या दिवस. फक्त आज!"

"हिचा बाप तिकडं त्रिशूरला. त्याला सख्ख्या मेव्हण्याच्या पोरीच्या साखरपुड्याला यायला सवड न्हाई. आणि पोरीला दोन गल्ल्या चालायला सवड न्हाई. लोकांनी काय म्हणायचं, मॅडम, तुम्हीच सांगा."

बाहेरगावच्या मुलांसाठी सांगते. आमच्या भागातले कितीतरी बाप्ये सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करणं. त्यासाठी ते पार केरळ, तामिळनाडूपर्यंत दुकानं टाकून किंवा दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला बसतात आणि वर्षातून एकदा-दोनदा घरी येतात. केतकीचे वडीलही त्यातलेच.

केतकी उठली नव्हती. तिची कुदळ चालूच होती. टक, टक, टक. शैलाताईंनी तिचा दंड धरला.

"चौदाशे राहिलेत," ती माझ्याकडे बघत म्हणाली. आवाज फाटला होता. "मॅडम, आत्ता उठले तर संपलंच. सात महिने."

आणि इथं मी तोंड उघडलं.

"तू जा," मी म्हटलं. "मी काढते खडे."

"तुम्ही?"

"का? क्लिकच करायचं ना? बत्तीस वर्षं मी बोटं चालवते आहे. तुझ्यापेक्षा जास्त काढीन. ओटी भर, फोटो काढ आणि ये."

ती क्षणभर घुटमळली. तिला काहीतरी सांगायचं होतं, हे मला दिसलं. पण शैलाताईंनी तिला जिन्यापर्यंत ओढलंही होतं. "कुणाशी बोलू नका हं!" एवढंच ती खालून ओरडली.

मी पदर खोचला आणि तिच्या स्टुलावर बसले.

पहिली दहा मिनिटं मी चाचपडत होते. मग मला त्याची गोम कळली. दगडावर कुदळ तीनदा पडते, चौथ्याला खडा येतो. म्हणजे हा तर चार ठोक्यांचा ताल झाला! संस्थेत मी हेच शिकवत आले होते. लाकडी पट्टी टेबलावर आपटायची, आणि प्रत्येक ठोक्याला एक अक्षर, ना आधी ना नंतर. घाईनं वेग येत नाही, सारखेपणानं येतो, हे वाक्य मी किती पिढ्यांना ऐकवलं असेल. मी डाव्या हातानं पट्टी घेतली, टेबलावर ठोके धरले आणि उजव्या हातानं क्लिक करू लागले. ठोका, ठोका, ठोका, क्लिक. ठोका, ठोका, ठोका, क्लिक. एकही दगड चुकला नाही. एकही ठोका हलला नाही. चाळीस मिनिटांत पाचशे खडे झाले, सहाशे झाले.

आणि मुलांनो, मला ते आवडायला लागलं. खोटं कशाला बोलू? पडद्याच्या खालच्या बाजूला एक हिरवी पट्टी होती. प्रत्येक खड्यासरशी ती केसाएवढी पुढे सरकायची. बस, अजून एक पोतं, असं म्हणता म्हणता माझा चहा गार झाला, आणि तो गार झाल्याचंही मला कळलं नाही.

भट्टी७ साडेतीनलाच आला होता. शेजारच्या दगडावर त्याची कुदळ चालली होती. पाचेक मिनिटांनी ती थांबली. मग त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली. इंग्रजी लिपीत, पण मराठी.

"केतू?"

मी उत्तर दिलं नाही. कुणाशी बोलू नका, असं पोरीनं बजावलं होतं.

थोड्या वेळानं पुन्हा: "तू केतू नाहीस."

माझ्या हातातली पट्टी ठोका चुकता चुकता राहिली. या माणसाला हिचं घरातलं नाव ठाऊक? आणि मी ती नाही, हे ह्याला कळलं कसं? नुसत्या ठिपक्यांच्या बाहुलीवरून?

"कोण आहे?" त्यानं लिहिलं. "केतू कुठं आहे?"

तो आपला दगड सोडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खडा काढत नव्हता, हलत नव्हता. नुसता बघत होता. शैलाताई आल्या की हे सगळं त्यांच्या कानावर घालायचं, असं मी ठरवून टाकलं. पण क्लिक थांबवलं नाही. सातशे झाले होते. आता उरले सातशे.

सव्वाचारला पडदा करडा झाला.

कुदळ हवेतच थांबली. मधोमध एक चौकट आली. इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ असा: या खात्याच्या हालचाली यांत्रिक वाटतात. प्रत्येक क्लिकमधलं अंतर सारखंच आहे. माणसाच्या हाताकडून असं होत नाही. खातं गोठवण्यात आलं आहे. थोड्या वेळात खेळाचा निरीक्षक तुमच्याशी बोलेल.

मी ते तीनदा वाचलं. पट्टी माझ्या हातात तशीच होती. यंत्र! बत्तीस वर्षं ज्या सारखेपणासाठी मी मुलांच्या बोटांवर नजर ठेवली, त्यानंच घात केला होता. काही चुकार मंडळी म्हणे कॉम्प्युटरलाच खेळायला बसवून आपण झोपी जात. खेळवाले अशांना पकडत. आणि त्यांनी मला पकडलं होतं.

मला राहवलं नाही. चौकटीखाली उत्तर लिहायची जागा होती. मला पत्र लिहायची एकच रीत माहीत. मी सुबक इंग्रजीत टाइप केलं: "आदरणीय महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, मी मनुष्य आहे. तरी खाते तातडीने पूर्ववत करण्याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती. आपली विश्वासू."

एकही चूक नव्हती त्यात. पाच मिनिटांनी उत्तर आलं: "हा मजकूरही यंत्रानं तयार केलेला वाटतो. थांबा."

साडेचार झाले. चार पस्तीस. जिन्यावर पावलं धडधडली आणि केतकी आली. परकर-पोलक्यात, हातात पेढ्यांचा पुडा, धापा टाकत.

"झाले किती?"

मी स्टुलावरून उठले. काही बोलायच्या आधीच तिनं पडदा पाहिला होता. तिनं सगळं वाचलं. माझं पत्र वाचलं. मग टेबलावरची पट्टी पाहिली.

"तालात केलंत?" तिनं विचारलं.

"हो गं. मला वाटलं..."

"सगळे?"

"सातशे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता पुडा टेबलावर ठेवला आणि स्टुलावर चढली. तिचे कान लाल झाले होते.

"आणि तो तुझा भट्टी७," मी म्हटलं, कारण मला गप्प बसवेना, "त्यानंच तक्रार केली असणार. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तुझं घरातलं नाव घेत होता. कोण आहे तो? मी तुझ्या आईला सांगणार आहे."

"आईला नका सांगू!" ती एकदम वळली.

"का नको? बारा वर्षांच्या मुलीला..."

पडद्यावर टिंग असा आवाज झाला. खाणीत एक नवं माणूस उभं होतं, राखाडी झग्यातलं. खातं गोठलेलं होतं, पण बोलण्याची पट्टी उघडली होती. झगेवाल्यानं लिहिलं: "आता कुणी माणूस समोर आहे का?"

केतकीची बोटं की-बोर्डवर गेली. "हो."

तेवढ्यात भट्टी७ बोलला. तो अजून तिथंच उभा होता. पावणेपाच होत आले तरी गेला नव्हता.

"केतू, आता तूच आहेस ना?"

आणि केतकीनं टाइप केलं: "हो पप्पा."

मी त्या दोन शब्दांकडे बघत राहिले.

"पप्पा?" मी म्हटलं. "त्रिशूरचे?"

"दुपारी भट्टी थंड करायला ठेवतात, तेव्हा एक तास मिळतो त्यांना," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "आईला नको सांगू म्हणाले. चुलते हसतील, बायका हसतील, बाप्या माणूस गेम खेळतो म्हणून. आणि आई म्हणेल, साखरपुड्याला यायला सवड नाही आणि याला बरी आहे."

"मग फोनवर नाही बोलत तुम्ही?"

"फोनवर काय बोलायचं? जेवलीस का? जेवले. अभ्यास? झाला. मग दोघं गप्प. मग म्हणतात, ठेवू? इथं गप्प बसलं तरी चालतं."

झगेवाल्याचा पुढचा प्रश्न आला. "एका खात्यावर एकच माणूस खेळू शकतो, हा नियम आहे. गेला तासभर हे खातं तूच चालवत होतीस का?"

मी घड्याळाकडे पाहिलं. चार अठ्ठेचाळीस. हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला. सातशे खडे उरले होते. मिनिटाला दहा. सत्तर मिनिटं. सहाला बरोबर बहात्तर मिनिटं बाकी होती.

आणि मी, मुलांनो, जी परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांच्या नुसत्या माना वळल्या तरी नावं लिहून घ्यायची, ती मी म्हणाले, "हो म्हण."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं.

"हो म्हण," मी पुन्हा म्हणाले, हळूच, जणू झगेवाला ऐकत होता. "हात दुखत होता म्हणून ताल धरला, असं लिही. कोण बघायला येतंय? चूक माझी आहे, शिक्षा तुला का? लवकर लिही. वेळ जातोय."

तिनं 'हो' लिहिलंही. शब्द पट्टीत उभा राहिला. बोट एंटरवर होतं.

बोट तसंच राहिलं.

"दाब ना गं!"

"पप्पा उभे आहेत ना समोर," ती म्हणाली.

"ते काय सांगणार आहेत का त्याला?"

"नाही सांगणार. पण त्यांना माहीत आहे ती मी नव्हते."

"त्यांना कसं कळलं असेल? अंदाजच तो."

"अंदाज नाही. मी दर पाच खड्यांनी त्यांच्याकडं तोंड करते. तिरकी होते आणि परत सरळ होते. त्यात वेळ जातो थोडा. ते पण करतात. पहिल्या महिन्यापासून." तिनं नाक पुसलं. "तुम्ही एकदा पण नाही केलं ना?"

मी मान हलवली. नाही केलं.

तिनं ते 'हो' पुसलं. आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत, अक्षर शोधत शोधत, म्हणजे मी शिकवलेलं सगळं विसरून, लिहिलं: "नाही. पाऊण तास माझ्या टायपिंगच्या मॅडम खेळल्या. त्या यंत्र नाहीत. त्या फक्त फार चांगल्या आहेत."

एंटर.

खालून बियाणांच्या दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग राखाडी माणसानं लिहिलं: "उत्तर दिल्याबद्दल आभार. दुसऱ्या व्यक्तीनं मिळवलेले सातशे खडे वजा होतील. ही पहिली आणि शेवटची ताकीद." आणि तो नाहीसा झाला. पडद्यावर रंग परत आले. हिरवी पट्टी सर्रकन मागं गेली.

चार पन्नास. चौदाशे खडे.

जमणार नव्हतं, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. तरी ती क्लिक करू लागली. भट्टी७ शेजारी आला. त्यानं स्वतःसाठी एकही खडा काढला नाही. केतकीचं पोतं भरलं की ते आपल्या पाठीवर घेऊन भट्टीकडे धावायचा आणि रिकामं आणून द्यायचा, म्हणजे तिचं चालणं वाचे. मिनिटाला दहाचे अकरा झाले. बारा झाले. मी मागं उभी होते, दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून. माझी बोटं शिवशिवत होती. पट्टी उचलून मी कपाटात टाकली.

"नऊशे ऐंशी," ती पुटपुटली. साडेपाच.

"पाणी देऊ?"

"नको."

पावणेसहा. "आठशे."

"हात बदल. मनगट दुखेल."

"मॅडम, बोलू नका."

तिचं तोंड कोरडं पडलं होतं. पण एक मी पाहिलं, कारण आता मला कुठं पाहायचं ते कळलं होतं. एवढी घाई, एवढा घोर, आणि तरी दर पाच खड्यांनी ती ठिपक्यांची बाहुली तिरकी होत होती आणि परत सरळ होत होती. आणि पोत्याखाली वाकलेली ती दुसरी बाहुलीसुद्धा जाता जाता क्षणभर थांबत होती. त्यात मिनिटामागे एक-दोन खडे जात असतील. मी हिशेब केला नाही.

सहाला सहाशेवीस कमी पडले.

पडदा पांढरा झाला. ज्यांना भट्ट्या मिळाल्या त्यांची नावं एका दगडी भिंतीवरून वर सरकत गेली. केतकीनं ती सगळी वाचली, शेवटपर्यंत, जणू चुकून असेल आपलं. नव्हतं. मग ती स्टुलावर तशीच बसून राहिली. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण माझा हात पुढे होईना.

"केतकी," मी म्हटलं, "मी तुझ्या पप्पांना सांगते, चूक माझी होती."

"त्यांनी वाचलंय ते," ती म्हणाली.

पडद्यावर पुन्हा ते जग उगवलं. खाण नव्हती. एक मोकळं हिरवं मैदान, दोन-चार झोपड्या, आणि अंगावर ठिगळाचे कपडे घातलेली असंख्य माणसं, सगळी एक नंबरच्या लेव्हलची, सगळी रिकाम्या हातांची, इकडून तिकडे पळत सुटलेली. त्या गर्दीत भट्टी७ उभा होता. त्याच्याजवळ साधी लाकडी कुदळसुद्धा नव्हती.

"गेली भट्टी," त्यानं लिहिलं. मग थोड्या वेळानं: "आज इकडची पण पेटवली नाही. मालक चिडलाय."

केतकी हसली. नाक लाल, डोळे भरलेले, आणि हसली.

"परत एकपासून?" त्यानं विचारलं.

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी अजून हात पाठीशी बांधूनच उभी होते, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी.

मग ती की-बोर्डकडे वळली. "थांबा पप्पा," तिनं लिहिलं, "अजून एक जण आणते."

तिनं स्टुलावरून उडी मारली. शेजारच्या कॉम्प्युटरवरचं कव्हर ओढून काढलं, धूळ फुंकली, मागचं बटण दाबलं. मशीन घरघरत चालू होईपर्यंत खोलीच्या दुसऱ्या टोकाचं एक स्टूल फरफटत आणलं आणि आपल्या स्टुलाला टेकवून ठेवलं. नव्या खात्याचा कोरा अर्ज उघडला. नावाच्या रकान्यात करसर लुकलुकत होता.

"बसा," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही खेळायचं."

मी बसले. आणि तिनं माझं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं.